कूलर लावायच्या आधी

नागपुरात होळी झाली की ताडपत्रीखालचे कूलर बाहेर निघतात. टाकी खरवडायची, पत्र्याला रंगाचा हात द्यायचा, वाळ्याच्या नाहीतर वुडवूलच्या नव्या ताट्या बसवायच्या, पंप पाणी फेकतो का ते पाहायचं आणि कूलर खिडकीला लावून मोकळं व्हायचं. 2013 च्या मे महिन्यात इथला पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा गावात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही. आणि याच कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं जातात. कुणी पाणी भरताना, कुणी ताटी सरकवताना, कधी कूलरजवळ खेळणारं लेकरू. पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात. त्या वाचल्या की माझा जीव तुटतो, कारण यातली बहुतेक मरणं टाळता येतात. ती कशी टाळायची हे मला आमच्याच गल्लीत, एकेका घरात शिरून, कळत गेलं.

मी जुनी शुक्रवारीत राहते. घरीच ब्लाउज शिवते, त्यामुळे गल्लीतल्या बायांचं दिवसभर येणं-जाणं असतं. आमच्याकडची घरं जुनी, भिंतीला भिंत लागून. एकाच्या खिडकीची जाळी दुसऱ्याच्या अंगणात येते. शेजारच्या काकू एका दुपारी ओली साडी वाळत घालायला गेल्या आणि तारेला हात लागताच मागे फेकल्या गेल्या. साधी लोखंडी तार, दोन भिंतींच्या मध्ये ताणलेली. तिच्याजवळ विजेची वायर नाही, बोर्ड नाही, काही नाही. काकूंच्या नशिबाने हात तारेला चिकटून बसला नाही. पण सगळी गल्ली गोळा झाली आणि जो तो म्हणू लागला, खांबातून करंट उतरला असेल.

आमचे इलेक्ट्रिशियन भाऊ आले. त्यांनी तारेला टेस्टर लावला, तो पेटला. मग ते खांबाकडे गेलेच नाहीत. तार ज्या खिडकीच्या गजाला बांधली होती त्या गजाला टेस्टर लावला, तोही पेटला. गजाला टेकून कूलरचा लोखंडी स्टँड, स्टँडवर पत्र्याचा कूलर. कूलरचा प्लग काढला आणि टेस्टर विझला. टाकीतल्या पाण्यात बुडलेल्या पंपाच्या वायरला एक जोड होता, त्यावर गुंडाळलेली काळी टेप भिजून सुटली होती. करंट पाण्यात, पाण्यातून टाकीत, टाकीतून स्टँडला, स्टँडवरून गजाला आणि गजावरून कपड्यांच्या तारेला. कूलर एका घरात आणि शॉक दुसऱ्या घरातल्या बाईला.

“मग फ्यूज कसा नाही गेला?” माझ्या सासऱ्यांनी विचारलं. माझ्याही मनात तेच होतं.

“बाबा, फ्यूजले काय समजते माणसाचं?” भाऊ म्हणाले. “तो वायर वाचवाले असते. माणूस वाचवाले नाही.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. नंतर त्यांनी मला आकड्यांत सांगितलं. घरातल्या कूलरच्या लाइनवर बहुधा 16 अँपिअरची एमसीबी असते, म्हणजे फ्यूजच्या जागी बसवलेला, आपोआप पडणारा स्विच. 16 अँपिअर म्हणजे 16,000 मिलिअँपिअर. त्याहून जास्त करंट गेला तरच ती पडणार. माणसाच्या अंगातून साधारण 10 मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट गेला की हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. 30 च्या पुढे श्वास अडकू शकतो. 50 ते 100 च्या घरात हृदयाचे ठोके विस्कटून माणूस जाऊ शकतो. 9 वॉटचा एलईडी दिवाच 40 मिलिअँपिअरच्या आसपास करंट घेतो. म्हणजे एक लहानसा दिवा लागण्याइतक्या करंटने जीव धोक्यात येतो आणि त्याची एमसीबीला दखलही नसते. त्यातून आपण कूलरजवळ जातो ते ओल्या हाताने, अनवाणी, सांडलेल्या पाण्यात. ओल्या कातडीतून करंट जास्त जातो.

काकूंचा पंप त्याच दिवशी बदलला. पण मला माझ्या घराची धास्ती लागली. आमच्याकडे दोन कूलर, माझी मोटरची मशीन, फ्रिज, गिझर, आणि सुट्ट्यांत नणंदेची लेकरं येतात. भाऊंना म्हटलं, सगळं घर एकदा तपासून द्या.

आधी त्यांनी टेस्ट लॅम्प घेतला, म्हणजे होल्डरला दोन वायरी लावलेला जुना 100 वॉटचा बल्ब. फेज, म्हणजे करंट येतो ती तार, आणि न्यूट्रल, म्हणजे तो परत जातो ती तार, या दोन्हींत लावला तर झगझगीत लागला. मग एक वायर फेजमध्ये ठेवून दुसरी वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे अर्थिंगच्या पिनमध्ये घातली. अर्थिंग नीट असेल तर बल्ब तितकाच लख्ख लागायला हवा. आमच्या समोरच्या खोलीत तो लागलाच नाही. बोर्ड उघडला तर हिरवी वायर आत कापून सोडलेली. मधल्या खोलीत मात्र लख्ख लागला, तेव्हा मला बरं वाटलं, पण भाऊंनी तोही बोर्ड उघडला. तिथे कुण्या जुन्या कारागिराने न्यूट्रलवरूनच एक छोटा तुकडा अर्थिंगच्या पिनला जोडून ठेवला होता. बल्ब लागतो, गिऱ्हाईक खूश. पण उद्या त्या बोर्डाकडे येणारी न्यूट्रल कुठे तुटली, तर फ्रिजच्या, कूलरच्या पत्र्यावर सरळ 230 व्होल्ट येतात. नसलेल्या अर्थिंगपेक्षा ही जोडणी वाईट. तुम्ही घर तपासून घ्याल तेव्हा बल्ब लागला म्हणून थांबू नका, बोर्ड उघडायला लावा.

थ्री-पिन प्लगची वरची पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते. कारण प्लग घालताना ती सगळ्यांत आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटावी. अनेक घरांत ती पिन तोडून, किंवा दोन पिनचा प्लग लावून, किंवा उघड्या वायरी भोकांत खुपसून काडीने दाबून कूलर चालवतात. हे मी माझ्या डोळ्यांनी गल्लीत पाहिलं आहे.

मग अर्थिंगचा खड्डा. मागच्या अंगणात धुण्याच्या मोरीपासून थोडं अलीकडे जागा धरली, म्हणजे पाण्याचा ओलावा राहील, आणि घराच्या पायापासून दीड मीटर सोडलं. काळी माती वर वर सहज निघाली, पण पुरतं खोल जायच्या आधी मुरूम लागला. भोकं पाडलेला जीआय पाइप पुरता खाली जाईना. माणसं म्हणाली, इतका पुरे आहे, बुजवून टाकू. भाऊ ऐकेनात. त्यांनी अंतर सोडून दुसरा खड्डा घ्यायला लावला आणि दोन्ही पाइप खालून पट्टीने जोडले. दोन वाटा झाल्या की करंट जमिनीत जास्त सहज उतरतो. पाइपाभोवती कोळसा आणि जाडं मीठ यांचे थर दिले, वर पाणी सोडायला फनेल ठेवलं. करंटला जमिनीत उतरताना होणारा अडथळा मीटर लावून मोजला तेव्हा तो 5 ओहमच्या आत आला.

पण नागपूरची काळी माती उन्हाळ्यात वाळून भेगाळते, आणि माती वाळली की अर्थिंग कमजोर होतं. नेमकं ज्या महिन्यांत कूलर चालतात त्याच महिन्यांत. भाऊंनी कागदावर मांडून दाखवलं: 230 व्होल्ट आणि 5 ओहम असेल तर 46 अँपिअर करंट जातो, 16 ची एमसीबी पडते. तेच वाळून 50 ओहम झालं तर जेमतेम साडेचार अँपिअर. एमसीबी हलत नाही, कूलरचा पत्रा जिवंतच राहतो. म्हणून मार्च लागला की मी खड्ड्यात नेमाने पाणी सोडते. आणि म्हणूनच नुसत्या अर्थिंगवर भिस्त ठेवायची नाही, आरसीसीबी लागतेच.

जुने लोक त्याला ईएलसीबी म्हणतात. घरात जितका करंट फेजने आला तितकाच न्यूट्रलने परत गेला का, एवढं ती पाहते. गिऱ्हाइकाने दोन मीटर कापड दिलं तर ब्लाउज आणि उरलेल्या चिंध्या मिळून दोन मीटर भरायला हवं. कमी भरलं तर कापड दुसरीकडे कुठेतरी गेलं. तसा 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला, म्हणजे करंट कुणाच्या तरी अंगातून किंवा पत्र्यातून जमिनीत जातो आहे, की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत वीज तोडते. विजेच्या सुरक्षेचे जे सरकारी नियम आहेत त्यांतही घरगुती जोडणीसाठी 30 मिलिअँपिअरचीच मर्यादा सांगितली आहे. दुकानात 100 आणि 300 च्याही मिळतात. त्या माणसासाठी नाहीत. डबीवर 30 एमए लिहिलेलं पाहूनच घ्या. मी बर्डीच्या बाजारातून चांगल्या कंपनीची, आयएसआय मार्कची आणली. दोन हजारांच्या आतबाहेर पडली. गिझर दुरुस्तीला कधी कधी याहून जास्त जातात.

बसवली आणि ती थांबेचना. वर केली की खट्‌ करून खाली. माझ्या नवऱ्याला वाटलं, माल खराब निघाला. इथेच बहुतेक घरांत खेळ संपतो. लोक म्हणतात ही फार पडते, आणि ती काढून ठेवतात, नाहीतर कारागीर तिला बायपास करून निघून जातो. भाऊंनी तसं करायला साफ नकार दिला. “ती पडून राहिली म्हणजे घरात काहीतरी आहे ना जी,” म्हणाले, आणि एकेक लाइन सोडवत बसले.

पहिला गोंधळ इन्व्हर्टरचा निघाला. इन्व्हर्टर बसवणाऱ्याने दिव्यांची न्यूट्रल आणि पंख्यांची न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधली होती. करंट एका वाटेने जायचा, दुसऱ्या वाटेने परतायचा, आणि आरसीसीबीला हिशेब जुळत नसे. त्या वायरी वेगळ्या करायला बराच वेळ गेला, भिंतीत दोन ठिकाणी पट्टी फोडावी लागली. नागपुरात इन्व्हर्टर बऱ्याच घरी आहेत, त्यामुळे ही अडचण तुम्हालाही येईल असं धरून चाला आणि कारागिराला आधीच सांगा.

ती अडचण सुटल्यावरही आरसीसीबी सकाळी सकाळी पडायचीच. सासरे आंघोळीला गेले की घर अंधारात. मग गिझर बंद ठेवून पाहिलं, दिवसभर काही नाही. गिझर उघडला तेव्हा आतल्या एलिमेंटवर बोअरच्या पाण्याचा पांढरा थर साचून ते तडकलं होतं. म्हणजे ज्या नळाखाली रोज पंच्याहत्तर वर्षांचा माणूस आंघोळ करत होता, त्या गिझरमधून करंट गळत होता. आमच्या घरात कुणाला कधी साधी मुंगीही आली नव्हती हाताला. आरसीसीबी नसती तर कळलं कधी असतं? हे लिहितानाही अंगावर काटा येतो. एलिमेंट बदललं, तेव्हापासून ती विनाकारण पडलेली नाही.

आरसीसीबीवर एक ‘टी’ लिहिलेलं बटण असतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला ते दाबायचं, वीज गेली पाहिजे. गेली नाही तर ती बदलायची. हे काम माझ्या मुलाकडे आहे. आणि हेही सांगते: एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली, पाय कोरड्या स्टुलावर असले, तर आरसीसीबी वाचवू शकत नाही, कारण तिच्या लेखी हिशेब जुळतो. उघडी वायर ती उघडी वायरच.

कूलरचं म्हणाल तर आमच्याकडे आता असं आहे. पंपाला अखंड वायर, पाण्याखाली एकही जोड नाही. पत्र्याच्या ज्या भोकातून वायर आत जाते तिथे रबराची रिंग, कारण पत्र्याची धार पंख्याच्या थरथरीने वायर कातत राहते. तीन तारांची केबल, हिरवी तार कूलरच्या बॉडीला नटाने पक्की, रंग खरवडून. स्टँडखाली रबर, आणि स्टँड गजाला टेकलेला नाही. स्विच खोलीच्या आत, कोरड्या जागी. पाणी भरायचं तर आधी स्विच बंद, मग प्लग बाहेर, मग पाइप. नुसता स्विच पुरत नाही, जुन्या घरांत स्विच कधी कधी न्यूट्रलवर असतो आणि बंद करूनही फेज आत राहते. फायबरचा कूलर असला तरी हाच नियम. बॉडी प्लॅस्टिकची असली तरी पाणी आणि मोटर तीच.

माझ्याकडे ब्लाउज द्यायला येणाऱ्या बायांना मी हे सगळं सांगत सुटले. माप घेता घेता विचारायचे, कूलरला कोणता प्लग आहे? पाणी कोण भरतं? बहुतेक घरी पाणी बायाच भरतात नाहीतर पोरं, आणि चालू कूलरमध्येच भरतात, कारण बंद केला तर झोपलेलं माणूस उठतं. पुरुषांना सांगण्यापेक्षा बायांना सांगणं मला जास्त लागू पडलेलं दिसलं.

मग आमच्या मंडळाची पोरं आली. ही तीच पोरं जी संक्रांत झाली की झाडांवरचा, गच्च्यांवरचा नायलॉन मांजा गोळा करतात. 2017 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या आमच्या नागपूर खंडपीठानेही स्वतःहून दखल घेतली, तरी जानेवारीत गाडीवरच्या माणसांचे गळे कापले जातातच. नायलॉन कुजत नाही, म्हणून संक्रांतीनंतरही तो कित्येक महिने लटकत राहतो. पोरांचा एक कडक नियम आहे: विजेच्या तारेवर अडकलेल्या मांजाला काठी लावायची नाही, महावितरणला 1912 वर कळवायचं. याच पोरांनी ठरवलं की मार्चमध्ये घरोघरचे कूलर बघायचे. ते फक्त पाहतात आणि वहीत लिहितात: प्लग, वायर, जोड, स्टँड. हात इलेक्ट्रिशियन भाऊच लावतात, त्यावर तडजोड नाही.

फिरताना जे सापडलं ते बहुतेक स्वस्तात सुटण्यासारखं होतं. वायर, प्लग, रबर. एका घरी कूलरचा एक्स्टेन्शन बोर्ड थेट ओल्या फरशीवर, त्याच्या शेजारी बादलीत पाणी तापवायचा रॉड. रॉडची बादली तिथल्या आजींनी आपणहून नातीला सांगून उचलायला लावली आणि म्हणाल्या, “मले कोणी सांगितलंच नाही आजवर.” चौकातल्या पाणपोईच्या थंड पाण्याच्या मशीनलाही अर्थिंग नव्हतं. उन्हातून घामाने भिजलेली माणसं तिथे ओंजळ लावतात. ते काम मंडळाने वर्गणीतून आधी केलं.

अडलं ते भाडेकरूंच्या खोल्यांशी. भाडेकरू म्हणतो घर माझं नाही, मालक म्हणतो कूलर माझा नाही. यात चूक कुणाची ते मला ठरवायचं नाही, पण शॉक लागेल तो खोलीत राहणाऱ्या माणसाला. आम्ही एक तोडगा काढला: अर्थिंग आणि आरसीसीबी मालकाची, कूलर आणि वायर भाडेकरूची. काही ठिकाणी चाललं. दोन-तीन शेजारच्या घरांनी मिळून एकच चांगला खड्डा केला, त्याने खर्च वाटला गेला.

गल्लीतली एक ताई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिने मंडळाच्या ओट्यावर शॉक लागल्यावर काय करायचं ते दाखवलं. माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन बंद. मेन सापडत नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करायची. रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेजवळ मात्र लाकूड घेऊनही जायचं नाही. 108 ला फोन. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायचं, मिनिटाला 100 ते 120 वेळा, मोठ्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर खाली जाईल इतकं, आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत आळीपाळीने दाबत राहायचं, थांबायचं नाही. तिने उशीवर आम्हा सगळ्यांकडून करवून घेतलं. पुरता जोर लावायला किती ताकद लागते ते तेव्हाच कळतं, दोन मिनिटांत दम लागतो. आणि शॉक बसून माणूस उठून बसला, हसला-बोलला, तरी ठोके तपासून घ्यायला दवाखान्यात न्यायचंच. काकूंना तिनेच ईसीजीला पाठवलं होतं. तो ठीक आला.

गल्लीतलं मागच्या कोपऱ्यावरचं घर अजून राहिलं आहे. मालक पुण्यात, खोल्यांत कॉलेजची मुलं, तीन कूलर, आणि मीटरपासून वर जाणारी वायर कितीतरी जुनी. मालकांशी फोनवर बोलणं झालं, खर्चाचा अंदाज पाठवला आहे. ते हो म्हणाले आहेत. तोवर मुलांनी पाणी भरायच्या आधी तिन्ही प्लग काढायचे, असं ठरवून दारामागे पाळीचा कागद लावला आहे, आणि भाऊंनी येत्या रविवारची सकाळ त्या घरासाठी मोकळी ठेवली आहे.